चिमणीच्या भोकातला पत्रा

गुऱ्हाळाच्या मागच्या पट्टीत जे पडलं होतं ते असं. चिमणीचे वरचे दोन टप्पे, अख्खे, रंगासकट. खालचा टप्पा फाटून तीन तुकडे झालेला. ताणाच्या तारा चार. त्यांतल्या तीन तुटलेल्या, चौथी खुंट्यासकट उपटून आलेली. टप्पे जोडणारे बोल्ट चोवीस, सगळे जागेवर, सगळे घट्ट. चुलवणातला, म्हणजे भट्टीतला, धूर चिमणीत शिरतो ते गोल तोंड, चौदा इंचांचं, खालच्या टप्प्याच्या सगळ्यात मोठ्या तुकड्यात. आणि त्या तुकड्यापासून नऊ फुटांवर, चिपाडाच्या ढिगाला टेकून, एक चप्पल. डाव्या पायाची.

"चप्पल यादीत घेऊ का?" मी विचारलं.

"जे आहे ते सगळं घे," अनुपमा मॅडम म्हणाल्या.

चप्पल शंभूची होती. शंभू या गुऱ्हाळात चुलवणात जळण घालायचा. जानेवारीतल्या एका दुपारी, फारसं वारं नसताना, चाळीस फुटांची चिमणी तळाजवळ दुमडली आणि आडवी झाली. शंभू बाजूला उडी मारायला आणि चिमणी पडायला एकच गाठ पडली. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गुऱ्हाळ यवतच्या पुढे, हायवे सोडून आत. मालक हौसराव. त्यांनी दौंडच्या कोर्टात दावा लावला होता तो चिमणी बनवणाऱ्या रशीदवर. करारात खालच्या टप्प्याला सहा मिलिमीटरचा पत्रा ठरला होता, रशीदनं चारचा वापरला, म्हणून चिमणी पडली, असं दाव्यात म्हटलं होतं. सोबत एका इंजिनिअरचं पत्र होतं. त्यानं फाटलेल्या कडेला मापक लावून 'मूळ पत्रा चार मिलिमीटरचा दिसतो' असं लिहून दिलं होतं. पोलिसांनी रशीदवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला होता, तोही त्याच पत्राच्या आधारावर.

मी शाहिस्ता. शिरूरच्या कॉलेजातून फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं, मग पुण्यात धातू न कापता तपासण्याचा कोर्स. वर्षभरापासून शिरूरला अनुपमा मॅडमच्या ऑफिसात आहे. शेड, टाक्या, पूल का पडले हे शोधायचं आणि कोर्टात सांगायचं, हे मॅडमचं काम. बाहेर बोर्डावर 'फॉरेन्सिक इंजिनिअर' लिहिलंय. तो वाचून महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मृत्युपत्रावरची सही तपासायला घेऊन येतं.

रशीद आले तेव्हा ते दारातच उभे राहिले. पन्नाशीचे, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. शिक्रापूरला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, वडलांपासूनचं.

"वकीलसाहेबांनी तुमचं नाव सांगितलं," ते म्हणाले. "पत्रा सहाचा व्हता एवढं लिहून द्या मॅडम."

"लिहून देणारी माणसं तुम्हाला कोर्टाच्या दारात मिळतील. इथपर्यंत कशाला आलात?"

रशीदनी पिशवीतून कराराची प्रत काढून टेबलावर ठेवली.

"मी मोजणार," मॅडम म्हणाल्या. "मोजल्यावर जे येईल ते लिहिणार. तुमच्या विरुद्ध आलं तरी तेच लिहिणार, आणि कोर्टात उभी राहून तेच सांगणार. फी तुम्ही द्याल, पण साक्षीच्या पिंजऱ्यात मी तुमची नाही. पटत असेल तर बसा."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग बसले.

"पत्रा सहाचा होता?"

"सहाचा मागवला व्हता."

"आला तेव्हा मोजला होता?"

"पत्रा कोन मोजतंय मॅडम? दुकानदार म्हणतो सहा, आपन म्हणतो सहा. बोलीचा सहा."

"बाजारात बोलीचा सहा पाचसुद्धा निघतो."

"म्हणून तर आलो." रशीदनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "चारचा नव्हता, हे हाताला कळतं. पन सहा, का साडेपाच, का पाच, हे मला बी ठाऊक न्हाई. लोकं म्हणत्यात, रशीदनं पोराचा पाय खाल्ला. शिक्रापुरात आता कुनी साधं गेट बी करून घेईना माझ्याकडनं. ते जाऊ द्या. पाय माझ्यामुळं गेला का, हे मला कळाया पायजे. गेला असंल तर कोर्टात मीच सांगीन."

मॅडमनी कराराची प्रत पुढे ओढली आणि एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. पत्रा सहा मिलिमीटर, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत कमी चालेल.

"साडेपाच," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर निघालं तर तुम्ही करार पाळला. खाली निघालं तर नाही. दुसरं काही आपल्याला सिद्ध करायचं नाही."

पडलेली चिमणी कुणी हलवू नये असा हुकूम कोर्टानं दिला, आणि तपासणी दोन्ही बाजूंसमोर व्हावी म्हणून एक कमिशनर नेमला. विश्वजीत नावाचे तरुण वकील. ते पांढऱ्या शर्टात आले आणि पहिल्या पाच मिनिटांत काजळीला टेकले.

चप्पल लिहून झाल्यावर मी मीटर बाहेर काढला. हा मीटर पत्र्यात आवाज सोडतो. आवाज पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी सांगतो. त्याचा प्रोब, म्हणजे वायरीच्या टोकाचं बटण, एका बाजूनं टेकवलं की पुरतं, पत्रा कापावा लागत नाही. आधी पायऱ्यापायऱ्यांचा एक लोखंडी ठोकळा असतो, त्याची जाडी माहीत असते. त्यावर मीटर बरोबर दाखवतो की नाही हे सगळ्यांना दाखवायचं, मग काम सुरू करायचं.

मी ठोकळा काढला तेवढ्यात हौसराव पुढे आले. सत्तरीला टेकलेले, पांढरी टोपी, आवाज मोठा.

"मॅडम, एक इचारू का? मिस्तरी त्यांचा. आन् मोजनारी पोरगी बी त्यांचीच. नावावरनं कळतंय की."

रशीद खाली बघायला लागले. मी ठोकळा हातात घेऊन तशीच उभी होते. मला राग आला होता.

"आबा, बरं झालं बोललात," मॅडम म्हणाल्या. "शाहिस्ता, प्रोब आबांच्या हातात दे."

"माझ्या?"

"तुमच्याच. तुम्ही टेकवायचं, कमिशनरसाहेबांनी आकडा वाचायचा. तिनं फक्त लिहायचं. तुमच्या हातानं मापलेलं तुम्हाला खोटं म्हणता येणार नाही."

"आन् मला जमलं न्हाई तर?"

"सही मारताना पेन दाबता ना?" विश्वजीत म्हणाले. "तेवढंच दाबायचं आबा."

हौसरावांच्याच दोन गड्यांना हसू आलं. हौसरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि प्रोब घेतला. मी पत्र्यावर खडूनं चौकटी आखल्या, आवाज पत्र्यात नीट शिरावा म्हणून प्रत्येक खुणेवर जेलीचा थेंब सोडला. ते वाकून टेकवत गेले. सुरुवातीला कुरकुर होती, मग त्यांना त्यात गोडी लागली. एका ठिकाणी आकडा हलत होता तर ते स्वतःच म्हणाले, "थांबा, नीट बसला न्हाई," आणि पुन्हा टेकवला.

खालच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त आकडा ३.६ आला, सगळ्यात कमी २.७. फाटलेल्या कडेजवळ सगळे तीनच्या आत.

"झालं!" हौसराव ताठ झाले. "सहा कुठाय?"

मॅडम फाटलेल्या तुकड्याच्या आत बॅटरीचा उजेड टाकून बघत होत्या. आतून पत्रा खवल्याखवल्यांचा झाला होता. बोटानं ढकललं तर गंजाचे पापुद्रे मूठमूठभर निघत होते. बाहेरून मात्र रंग तसाच, चकचकीत.

मी एक पापुद्रा काचेच्या नळीत शुद्ध पाण्यात कुस्करला, गाळला, आणि गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले. नितळ पाणी एकदम दुधासारखं पांढरं झालं.

"हे काय?" विश्वजीतनी विचारलं.

"क्लोराइड. उसाच्या चिपाडाच्या धुरातून इतकं येत नाही," मी म्हणाले. "आबा, चुलवणात चिपाडाशिवाय काय जाळत होता?"

"जळान."

"कसलं?"

हौसरावांनी इकडेतिकडे पाहिलं. चिपाडाच्या ढिगाच्या मागे ताडपत्रीखाली दुसरा एक ढीग होता. तो मीही मघाशीच लिहिला होता, 'झाकलेला ढीग, एक'. गड्यांपैकी एकजण, उत्तरेकडचा, सरळ म्हणाला, "चप्पल की कतरन है मैडम. कारखाने से ट्रक आता है. गीली चिपाड़ जलती नहीं."

"सगळेच जाळत्यात," हौसराव म्हणाले. "मी एकटा न्हाई. चिपाड वाळायला ऊन लागतं, आन् रसाची काहिल काय उन्हाची वाट बघती का?"

चपलांचं कात्रण म्हणजे रेग्झिन, क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक. ते जळलं की धुरात आम्ल तयार होतं. भट्टी थंड झाली की ते आम्ल दवासारखं पत्र्याच्या आतल्या अंगावर बसतं आणि पत्रा खातं. हे मी विश्वजीतना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, काम झालं.

"खाल्ला आसंल," हौसराव म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हणतो? पन चारचा व्हता म्हणून तीन उरला. सहाचा आसता तर पाच उरला आसता, आन् चिमनी उभी आसती. सांगा मॅडम, खोटं बोलतोय का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "बरोबर बोलताय. किती खाल्ला ते कळायला आधी किती होता ते कळलं पाहिजे."

न्हावऱ्याच्या रस्त्यानं आम्ही शिरूरला परत निघालो. पारगावचा पूल ओलांडल्यावर मॅडम म्हणाल्या, "आतून खाल्लेला पत्रा आपली मूळ जाडी सांगत नाही. धूर न लागलेला एक तरी इंच पाहिजे. तो त्या चिमणीत नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी खालचा टप्पा कागदावर उलगडून काढला. गोल नळकांडं उभं कापून सपाट पसरलं तर जसं दिसेल तसं. प्रत्येक चौकटीत आकडा लिहिला, कमी जाडीला गडद लाल, जास्तीला फिकट. सगळा कागद लाल झाला. मधोमध एक गोल तेवढा पांढरा राहिला, धूर शिरायचं तोंड. तिथे आकडा असणं शक्य नव्हतं, तिथे पत्राच नव्हता.

मी त्या गोलाकडे बघत बसले. तिथे पत्रा नव्हता, कारण तो कापून काढला होता. कापून काढलेला पत्रा धुरात गेला नव्हता.

"मॅडम, भोकातला पत्रा कुठं जातो?"

त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला, माझ्या कागदाकडे पाहिलं, आणि रशीदना फोन लावून स्पीकर चालू केला.

"रशीदभाई, धुराचं तोंड कापलं तेव्हा आतली चकती निघाली असेल. ती भंगारात गेली का?"

पलीकडे ग्राइंडरचा आवाज होता. तो बंद झाला.

"भंगारात न्हाई जात," रशीद म्हणाले. "हाय ती. पन मिळायची न्हाई."

"कुठं आहे?"

"हौसआबांच्या घरी."

वडलांच्या काळापासून त्यांच्या वर्कशॉपात एक रीत आहे, ते सांगू लागले. मोठ्या कामात गोल भोक पाडलं की आतली चकती विकायची नाही. पत्रा वळवायच्या आधी, सपाट असतानाच ती कापून घ्यायची, कडा घासायच्या, मूठ लावायची आणि तवा करायचा. गुऱ्हाळ पहिल्यांदा पेटतं त्या दिवशी तो तवा मालकाच्या घरच्या बाईच्या हातात द्यायचा. तिनं त्यावर भाकरी टाकायची, पहिला तुकडा मिस्तऱ्यानं खायचा. हौसरावांची आई कस्तुराबाई. तवा त्यांना दिला होता.

"चाचा, मग आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"बेटा, दिलेला तवा मागत न्हाईत. माझ्या बापानं सबंध जन्मात एक बी मागितला न्हाई. ज्यावर भाकर खाल्ली, तीच वस्तू पुरावा म्हणून कोर्टात न्यायची? मला न्हाई जमायचं."

"मागायचा नाही," मी म्हणाले. "मोजायचा आहे."

पलीकडे कसलंतरी लोखंड खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"ऐका," मॅडम म्हणाल्या. "आपण एकट्यानं त्यांच्या घरी जायचं नाही, तुम्हीही नाही आणि आम्हीही नाही. वकीलसाहेबांकरवी कोर्टाला अर्ज करू. कमिशनर येतील, दोन्ही बाजू असतील. आणखी एक. हा तवा साडेपाचच्या खाली निघाला तर तेही त्याच अहवालात जाईल. आज आहे ते 'कळत नाही' असं आहे. मोजल्यावर परत फिरता येणार नाही. नको असेल तर आत्ताच सांगा, मी अर्ज करत नाही."

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला आणि लगेच थांबला.

"करा अर्ज," रशीद म्हणाले.

हौसरावांच्या घरी गेलो तेव्हा सकाळची भाकरीची वेळ होती. परसात चूल पेटलेली होती, त्याचा वास अंगणापर्यंत येत होता. हौसरावांनी खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. विश्वजीतनी कोर्टाचा हुकूम वाचून दाखवला.

"तवा?" हौसराव म्हणाले. "असा कसला तवा आमच्याकडं न्हाई. चार वर्सांपूर्वीची गोष्ट. गेला आसंल भंगारात."

"नक्की?" विश्वजीतनी विचारलं. "मी तसं लिहितो."

"लिवा."

विश्वजीतनी पेनाचं टोपण काढलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"हौशा!"

आवाज परसातून आला. मग कस्तुराबाई स्वतः आल्या. नव्वदीच्या, कमरेत वाकलेल्या, हाताला पीठ.

"काय लिवून देतोस?"

"आई, तू आत जा. कोर्टाचं हाय."

"कोर्टाचं हाय म्हणून तर आले. तवा चुलीवर हाय माझा. तापलाय." त्यांनी रशीदकडे पाहिलं. रशीदनी मान खाली घातली. "मिस्तरी, तुमी मागाय आलात व्हय?"

"न्हाई आई. मी न्हाई मागत."

"मागायचा नाही आजी," मी म्हणाले. "मोजायचा आहे. तुमच्यासमोर."

"आई, तुला कळत न्हाई," हौसराव हळू आवाजात म्हणाले. "उद्या गुऱ्हाळ बंद पडंल."

"पडू दे. कात्रान जाळू नगं म्हणून कवाधरनं सांगत्ये. वाळत घातलेल्या लुगड्यावर काळं बसायचं, चिकाट, धुतलं तरी जायचं न्हाई. मला खोकला. तुला काय त्याचं! आन् शंभू? त्यो आपल्या दारात जेवून मोठा झाला. त्याचा पाय कशानं गेला ते ह्या मान्साला ठाऊक न्हाई, तुला ठाऊक न्हाई, कुनालाच ठाऊक न्हाई. मोजून कळत आसंल तर मोजू दे की." त्या वळल्या. "हौशा, उचल त्यो. मला जड होतोय."

हौसराव खुर्चीतच बसून राहिले. कस्तुराबाई थांबल्या होत्या. शेवटी ते उठले, परसात गेले, आणि फडक्यात धरून तवा घेऊन आले. चौदा इंचांचा, सपाट, काळाकुळकुळीत. अंगणातल्या फरशीवर ठेवला तेव्हा फरशीला धक्का बसल्याचं कळलं.

विश्वजीतनी लगेच माझ्याकडे पाहिलं. "घ्या आकडा."

"आत्ता नाही," मॅडम म्हणाल्या. "थंड होऊ द्या. पाणी ओतू नका, आपोआप होऊ द्या."

"का?"

"गरम लोखंडात आवाज हळू चालतो. मीटर जाडी असते त्याहून जास्त दाखवतो. रशीदभाईंच्या फायद्याची चूक होईल."

हौसरावांनी मॅडमकडे पाहिलं.

आम्ही थांबलो. कस्तुराबाईंनी दुसरा, पातळ तवा चुलीवर टाकला आणि उरलेल्या भाकरी केल्या. त्यावरच्या दोन करपल्या. "बघा," त्या म्हणाल्या, "ह्यो पत्र्याचा. त्यो मिस्तऱ्याचा कधी करपवत न्हाई." मग रशीदना भाकरीचा तुकडा दिला. रशीदनी तो हातात धरला, पण खाल्ला नाही.

"कुठल्या बी तव्याला चिमनीचा म्हणाल," हौसराव म्हणाले. "रशीदनं काय एकच तवा केला का?"

"त्याचीही सोय आहे आबा." मी पुण्याहून भाड्यानं आणलेलं यंत्र उघडलं. धातूत काय काय मिसळलंय ते ते सांगतं. भंगार वितळवून केलेल्या पत्र्यात तांबं, क्रोमियम, निकेल थोडं थोडं येतं, आणि प्रत्येक घाण्याचं प्रमाण वेगळं असतं. चिमणीच्या तुकड्यावरची तीन मापं आम्ही सकाळीच कमिशनरांसमोर घेऊन आलो होतो. तवा हाताला गार लागल्यावर त्यावर तीन घेतली. पण आधी काळा थर काढावा लागला.

"खरवडता व्हय?" कस्तुराबाई पुढे सरकल्या. "चार वर्सं लागली त्याला असा व्हायला!"

"रुपयाएवढ्या जागा, आजी. खालच्या बाजूला. भाकरीच्या बाजूला हात लावत नाही."

"रुपयाएवढ्याच."

तांबं चिमणीत ०.२७ टक्के, तव्यात ०.२७. मँगनीज ०.६१ आणि ०.६१. क्रोमियम ०.१४, ०.१४. निकेल ०.०९, ०.०९. विश्वजीतनी चारही ओळी दोनदा वाचल्या आणि कागद हौसरावांपुढे धरला. हौसरावांनी त्यावर सही केली.

"आता जाडी," मॅडम म्हणाल्या. "झिजलेला असेल तर जेवढा उरलाय तेवढाच येईल. त्यात आम्ही काही मिळवणार नाही."

"मोजून झालं की तवा सीलबंद होईल," विश्वजीतनी कस्तुराबाईंना सांगितलं. "निकाल लागेपर्यंत कोर्टात राहील."

"मग परत आनून द्यायचा. मला दिलेला हाय त्यो."

"लिहितो तसं."

मी ठोकळा काढला. चार मिलिमीटरची पायरी, मीटरवर ४.००. सहाची पायरी, ६.००. सगळ्यांनी पाहिलं. मग मी प्रोब हौसरावांपुढे धरला. या वेळी त्यांनी तो लगेच घेतला. फरशीवर मांडी घालून बसले, टोपी काढून बाजूला ठेवली. रशीद त्यांच्या पलीकडे उभे होते, हातात अजून तो तुकडा.

पाच जागा घासल्या होत्या. मी पाचही जागी जेलीचा थेंब सोडला. हौसरावांनी पहिल्या जागेवर प्रोब टेकवला, नीट बसेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरला. विश्वजीत वाचायला वाकले, पण हौसरावांनी चष्मा लावून मीटर स्वतःकडे वळवला आणि स्वतःच वाचलं.

"पाच पूर्नांक... आठ सहा."

दुसरी जागा. "पाच आठ आठ."

तिसरी. "पाच आठ पाच."

चौथी. "पाच आठ नऊ."

पाचवी जागा मुठीजवळ होती. तिथे त्यांनी प्रोब दोनदा उचलून परत टेकवला, आकडा स्थिर होईपर्यंत. "पाच आठ सात."

मी बेरीज केली, पाचानं भागलं, आणि विश्वजीतनी लिहिण्याआधी मोठ्यानं वाचलं. सरासरी जाडी ५.८७ मिलिमीटर, करारातल्या साडेपाचच्या वर.